त्या म्हातारीचं मोल कोण ठरवणार?



एक साधा सवाल आहे. एका तांब्याच्या पत्र्यावरून दोन कागद छापले. दोन्हींवर एकाच बाईचा चेहरा. त्याच सुरकुत्या, तेच आत गेलेले ओठ. त्यातला एक कागद काचेखाली, कुलपात, पहाऱ्यात राहतो. दुसरा फार खालच्या भावानं विकला जातो. हा फरक आला कुठून? चेहऱ्यातून तर आला नाही. चेहरा एकच आहे.

तुम्ही म्हणाल, वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांच्या स्कॉलरशिपा अडकल्यात, गावात आपली वरात अडवली जाते, आणि हा कुठल्या विलायती म्हातारीचं चित्र घेऊन बसलाय. म्हणणं रास्त आहे. तरीपण ऐकून घ्या. माणसाचं मोल जन्मावरनं ठरवायची रीत आपल्याकडे पोथीच्या, देवाधर्माच्या पांघरुणाखाली वावरते. ती उघडीनागडी बघायची असेल तर वस्तूंच्या बाजारात बघावी. तिथं तिला पांघरूण घ्यायची गरज वाटत नाही. कागदाला कोण लाजतो?

तर ही म्हातारी. नेदरलँड्समधलं लायडन हे कापड विणणाऱ्यांचं शहर. साल १६२८. आपल्याकडे त्या साली शहाजहान तख्तावर बसला, आणि शिवाजीराजांचा जन्म व्हायचा होता. लायडनमध्ये रेम्ब्रांट नावाचा एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा चित्रं काढत होता. बाप पवनचक्कीवर धान्य दळणारा. आई बेकरीवाल्याची लेक, नाव नेल्ट्ये. या पोरानं तांब्याच्या एका इवल्या पत्र्यावर एका म्हातारीचं डोकं आणि खांदे कोरले. चित्राची लांबी-रुंदी साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. दोन काडेपेट्या शेजारीशेजारी ठेवल्या तर जेवढी जागा जाईल, जवळपास तेवढाच सगळा पसारा. कोपऱ्यात त्याच्या नावाची अक्षरं आणि साल.

म्हातारी आपल्याकडे बघत नाही. तिचं तोंड थोडं उजवीकडे वळलेलं आहे. कपाळावर, गालावर, डोळ्यांच्या खाली केसासारख्या बारीक रेघा. दात गेले की ओठ जसे आत ओढले जातात तसे ओठ. अंगावर दागिना दिसत नाही. राणी नाही, सरदारीण नाही, कुठल्या संताची बायको नाही. दिवसभर काम करून बसलेली बाई जशी बसते तशी ती बसलीय. ज्या काळात स्वतःचं चित्र काढून घेणं हे पैसेवाल्यांचं काम होतं, त्या काळात हा दळणाऱ्याचा पोरगा एका साध्या म्हातारीच्या सुरकुत्या मोजत बसला. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

आता हे छापतात कसं ते सांगतो, कारण त्यात आपल्या ओळखीचं बरंच आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ लेप देतात. लेपावर सुईनं चित्र काढायचं. सुई जिथं जिथं फिरते तिथलं मेण निघतं आणि तांबं उघडं पडतं. मग पत्रा तेजाबात सोडायचा. मेण आहे तिथं तेजाब काही करू शकत नाही. उघड्या रेघा तेवढ्या खाल्ल्या जातात, खोल होतात. लेप पुसून टाकायचा, रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि जड रुळाखालून दाबून काढायचा. झाला छाप. पुन्हा शाई, पुन्हा कागद, दुसरा छाप.

स्टेन्सिल कापलेल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. आपला स्टेन्सिल कागदही मेणाचाच. आपणही लोखंडी पेनानं मेण खरवडतो आणि जिथं मेण निघालं तिथनंच शाई उतरते. फरक एवढाच, की पत्र्यावर सगळं उलटं काढावं लागतं. त्या सुरुवातीच्या वर्षांत रेम्ब्रांटकडनंही काही पत्र्यांवर नावाची अक्षरं उलटी उमटली. आणखी एक सारखेपणा आहे. शेवटाशेवटाला आपली स्टेन्सिल फाटते, 'ठ'चं पोट गळून पडतं, पानं फिकी येतात. तांब्याचंही तेच. शेकड्यानं छाप काढले की रेघा झिजतात, गालावरची बारीक जाळी पुसट होते.

म्हणजे मुळातच ही अनेकांसाठीची कला. तेलरंगातलं चित्र एकच असतं. ते ज्याच्या भिंतीवर गेलं त्याचं. छाप मात्र दहा घरांत जातो, शंभर घरांत जातो. तांब्याचा पत्रा कोरण्यामागं दुसरा हेतू असूच शकत नाही. एकच कागद हवा असता तर कागदावरच काढलं असतं.

या अनेकांसाठीच्या गोष्टीचं पुढं काय झालं, ते बघण्यासारखं आहे.

रेम्ब्रांट हयात असतानाच त्याच्या छापांमागं शौकिनांची रांग लागली होती. तो एखादा पत्रा कोरायचा, दोनचार छाप काढायचा, मग पत्र्यावर आणखी रेघा घालायचा आणि पुन्हा छापायचा. त्यामुळं एकाच चित्राच्या निरनिराळ्या अवस्था बाहेर आल्या. कामाची गरज म्हणून झालेली ही गोष्ट शौकिनांनी प्रतिष्ठेची केली. आर्नोल्ड हाउब्राकेन या डच लेखकानं १७१८ साली हे लिहून ठेवलंय. मुकुट घातलेली ज्युनो आणि बिनमुकुटाची ज्युनो, गोऱ्या चेहऱ्याचा जोसेफ आणि सावळ्या चेहऱ्याचा जोसेफ, असे दोन्ही प्रकार ज्याच्याकडे नाहीत त्याला जाणकारांच्या पंगतीत पाटच मिळत नसे. पंगत म्हटली की पाट आला, आणि पाट आला की कुणाला उठवायचं हेही आलं.

पुढं याद्या आल्या. १७५१ साली पॅरिसमध्ये गेर्सँची यादी छापली. १७९७ साली व्हिएन्नात अ‍ॅडम बार्चनं प्रत्येक चित्राला नंबर दिला. आपल्या म्हातारीचा नंबर ३५४. आजही सगळे त्याच नंबरानं ओळखतात. याद्यांबरोबर कसोट्या आल्या. हा छाप पहिल्या अवस्थेतला की नंतरचा? पत्रा ताजा असताना काढलेला की झिजल्यावर? खुद्द चित्रकाराच्या हयातीतला की मेल्यावर दुसऱ्या कुणी काढलेला? कागद उजेडाकडे धरा, आतला पाणछाप बघा, कुठल्या सालचा कागद आहे ते ठरवा. कडा कुणी कापल्यात का? मागं कुणाकुणाचे शिक्के आहेत? कारण जुने शौकीन आपल्या मालकीचा शिक्का कागदावर मारत. हा आधी अमक्या सरदाराकडे होता, मग तमक्या लॉर्डकडे, मग फलाण्या सावकाराकडे. ही मालिका जितकी लांब आणि मोठ्या नावांची, तितका भाव वर.

वाचताना काही ओळखीचं वाटलं का? आधी जन्म कधीचा ते विचारायचं. मग बीज शुद्ध आहे का ते बघायचं. मग कुळी काढायची. आणि शेवटी खालीवर रांग लावायची, प्रत्येकाच्या वर कुणीतरी आणि प्रत्येकाच्या खाली कुणीतरी. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती इथं एका म्हातारीच्या तोंडावर उभी केलीय. एकाच पत्र्याच्या पोटची लेकरं, आणि त्यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ.

इथं एक माणूस मला अडवील, आणि त्यानं अडवावंच. तो म्हणेल, "बाबा रे, ताजा छाप खरोखरच चांगला असतो. त्यात गालावरची जाळी दिसते, झिजलेल्यात दिसत नाही. मग त्याला जास्त भाव मिळाला तर त्यात अन्याय कसला? ही गुणवत्ता आहे." हा शब्द आपण रोज ऐकतो. कॉलेजात ऐकतो, ऑफिसात ऐकतो, राखीव जागांचा विषय निघाला की पहिला हाच शब्द फेकला जातो. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे, नुसती चीड कामाची नाही.

ताजा छाप जास्त दाखवतो हे कबूल. चित्र शिकायचं असेल तर मीही ताजाच मागीन. पण एक प्रयोग करून बघा, मनातल्या मनात. समजा उद्या लायडनच्या एखाद्या माळ्यावर एक पेटी सापडली आणि तीत याच म्हातारीचे हजार छाप निघाले. सगळे ताजे, सगळे पहिल्या दिवसाइतके स्वच्छ. काय होईल? आज कुलपात असलेल्या कागदावरची एक रेघसुद्धा कमी होणार नाही. गालावरची जाळी तशीच राहील. गुण तोच, तेवढाच. भाव मात्र धाडकन खाली येईल. मग इतके दिवस पैसे कशाचे मोजले जात होते? रेघांचे असते तर रेघा कुठं गेल्या? पैसे मोजले जात होते ते दुसऱ्याकडे नसण्याचे.

हे एकदा ध्यानात आलं की गुणवत्तेच्या बऱ्याच भाषणांतली हवा निघते. आमचा पोरगा शिकून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला तर त्यांच्या पोराचं ज्ञान कमी होत नाही. कमी होतं ते एकटं असण्याचं मोल. ओरड त्याचीच असते, नाव मात्र गुणवत्तेचं घेतात. ज्ञान वाटल्यानं कमी होतं असं मानणाऱ्यांनीच शूद्राच्या कानावर वेद पडू नये असे नियम केले. वेदाची एक ऋचा तरी झिजली असती का?

आणि दुर्मिळता आपोआप येत नाही, कधीकधी ती कात्रीनं आणली जाते. रेम्ब्रांटचं 'शंभर गिल्डरचा छाप' म्हणून गाजलेलं चित्र आहे. ख्रिस्त आजाऱ्यांना, दरिद्र्यांना जवळ घेतोय असं. त्याचा मूळ पत्रा विल्यम बेली नावाच्या आयरिश कॅप्टनच्या हाती पडला. त्यानं तो झिजलेला पत्रा पुन्हा कोरला, १७७५ साली त्याचे छाप काढले, आणि मग पत्र्याचे तुकडे केले. आजारी एकीकडं, ख्रिस्त एकीकडं. तुकड्यांचेही वेगळे छाप काढून झाले. यानंतर अख्खं चित्र त्या पत्र्यावरून कुणालाच छापता येणार नव्हतं. दरिद्र्यांच्या चित्रावर ही वेळ आली, यावर मी आणखी काय बोलू?

आता म्हातारीच्या नावाकडे येतो. जगभर हे चित्र 'रेम्ब्रांटची आई' म्हणून ओळखलं जातं. त्यानं पत्र्यावर तसं कुठंही लिहिलेलं नाही. १६७९ साली ॲमस्टरडॅममधला छापविक्या क्लेमेंट द योंगे याच्या मालाची यादी झाली. रेम्ब्रांट मरून तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्या यादीत 'रेम्ब्रांटची आई' अशी एका पत्र्याची नोंद आहे. तिथनं हे नाव चालत आलं आणि म्हाताऱ्या बाईच्या एकेका चित्राला चिकटत गेलं. अभ्यासकांना आता याची खात्री वाटत नाही. नेल्ट्येचा चेहरा कसा होता याचा दुसरा पुरावाच नाही. शिवाय हीच म्हातारी रेम्ब्रांटचा दोस्त यान लिव्हेन्स याच्या चित्रांत दिसते, शिष्य गेरिट डाऊ याच्या चित्रांतही दिसते. तिघांचीही आई एक असणार नाही. तेव्हा ती त्याची आईही असेल, किंवा चार पैशांसाठी चित्रकारांसमोर तासन्‌तास बसणारी लायडनची एखादी गरीब बाई असेल.

समजा ती आई नव्हती. मग? सुरकुत्या तेवढ्याच. ओठ तेच. त्या पोरानं तिच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर तीच. तरी बाजारात काहीतरी पडल्यासारखं होतं, कारण 'थोर माणसाची आई' म्हणून जो मान होता तो तिचा नव्हताच, लेकाचा होता. ती नुसती बाई म्हणून कुणाला नको होती.

या 'अमक्याची आई'वरून आपल्याच देशातली एक गोष्ट आठवते. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या बनत होत्या. उत्तरेकडच्या लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, ज्याचं त्याचं नाव पाहिजे. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. त्या बायकांवर अन्याय झालाच. पण यादीचा आग्रह काय होता तेही बघा. हजारो वर्षांत पहिल्यांदा या देशातला एक कागद बाईला विचारत होता, तू कुणाची ते राहू दे, तू कोण ते सांग. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य हे आपण मानू, पण समाजात आणि अर्थकारणात एक माणूस एक मूल्य हे नाकारत राहू, आणि ही विसंगती फार काळ टिकणार नाही. मूल्य हा शब्द त्यांनी उगाच वापरला नाही. मूल्य माणसाला आहे, त्याच्या कुळीला नाही.

आता बार्चची यादी पुन्हा उघडा. बायकांची चित्रं तिथं शेवटाशेवटाला येतात, पुरुष झाल्यावर. ३५४वर आपली म्हातारी. तीन नंबर पुढं जा. ३५७. तिथं दुसरी बाई आहे. हेही लहानसंच चित्र, हातभर नाही, हाताच्या पंज्यात मावेल एवढं. साल १६३०च्या आसपास, हात रेम्ब्रांटचाच. बाई आफ्रिकन वळणाची. तिच्या कातडीवर त्यानं फार रेघा ओढल्या नाहीत, कागद बराचसा कोरा राहिला. याद्या करणाऱ्यांनी तिला नाव दिलं, 'गोरी निग्रोबाई'. दोनशे वर्षांहून जास्त काळ ती त्याच नावानं फिरली.

एकाच हातानं, दोन वर्षांच्या अंतरानं काढलेल्या दोन बायका. दोघींची खरी नावं आपल्यापर्यंत पोचली नाहीत. एकीला नाव मिळालं नात्याचं, दुसरीला कातडीचं. तेही असं, की काळी असून गोरी दिसते हा जणू गमतीचा विषय. दोघींनाही कुणी विचारलं नाही. पण न विचारण्यातसुद्धा वरखाली आहेच. गोरीला निदान कुणाचीतरी आई केलं.

ही बाई तिथं आली कशी? तो काळ डच व्यापाराच्या भरभराटीचा. ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांट पुढं ज्या भागात घर घेऊन राहिला, त्या भागात काळ्या माणसांची एक लहानशी वस्ती होती. खलाशी, घरकाम करणाऱ्या बायका, त्यांची कुटुंबं. हे आता कागदपत्रांवरून सिद्ध झालंय. २०२० साली त्याच्या घराच्या म्युझियममध्ये या काळ्या माणसांवर प्रदर्शनही भरलं. रेम्ब्रांट पुढं आपले निवडक छाप जपानी कागदावर काढू लागला, आणि तो कागद डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा. याच कंपनीची वखार १६३७पासून आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला होती. हीच कंपनी बंगाल आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरनं माणसं विकत घेऊन बटाव्हियाला गुलाम म्हणून नेत होती. कागद आणि माणूस, दोन्हींची वाहतूक एकाच कंपनीकडं होती. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, ती काही पाहुणचार म्हणून नव्हे. पँथरनं १९७२ साली नाव घेतलं तेही याच नात्यानं. म्हणून ३५७ नंबरची बाई मला परकी वाटत नाही.

इथपर्यंत सगळं आपल्या बाजूचं झालं. आता आपल्याला टोचणारं सांगतो, नाहीतर लेख लिहायचा कशाला?

ही म्हातारी आज आपल्याला दिसते ती कुणामुळं? त्याच शौकिनांमुळं. ज्यांनी शिक्के मारले, कुळी काढल्या, पाट मांडले, त्यांनीच कागद जपला. ज्या छापावर त्यांचं प्रेम होतं तो वह्यांत चिकटवला, उन्हापासून, वाळवीपासून राखला. जे छाप स्वस्तात गेले, कुणी साध्या माणसानं दारामागं लावले, धुरानं काळे झाले, पोरांनी फाडले, ते गेले. ज्यांना सगळ्यात जास्त डोळ्यांनी बघितलं तेच टिकले नाहीत. मग जतन करणं हे त्यांचंच काम, आणि वापरून संपवणं हे आपलं, असं म्हणायचं का?

रेम्ब्रांटचंच बघा. १६५६ साली तो कर्जात बुडाला, घरातल्या एकेका वस्तूची यादी झाली आणि लिलावात सगळं गेलं. १६६९ साली मेला तेव्हा भाड्याच्या कबरीत पुरला. कबर नेमकी कुठली ते आज सांगता येत नाही. माणूस हरवला, कागद राहिला. कारण कागदाला मालक होता.

आपल्याकडे काय राहिलं? 'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२०चा. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७पासून. हे अंक हातोहात फिरले, वाचून दाखवले गेले, घामाच्या हातांनी घडी घातले गेले. अंक काढले होतेच त्यासाठी. पण पुढं मूळ प्रती शोधायची वेळ आली तेव्हा माणसांना घराघरांतल्या पेट्या उघडायला लागल्या. सरकारनं १९९० साली ते पुन्हा छापून एका ग्रंथात आणले म्हणून आज तुमच्या-माझ्या हातात आहेत. त्याआधी आणि त्यानंतर आपल्या पोरांनी काढलेली किती सायक्लोस्टाइल पानं गेली, त्याचा हिशोब नाही. मोर्च्याच्या आदल्या रात्री कापलेल्या स्टेन्सिली, दहा दस्ते कागद, काळी बोटं, आणि सहा महिन्यांनी एकही प्रत नाही.

घरातलंही तेच. माझ्या आजीचा एकही फोटो नाही. ती दुसऱ्यांच्या शेतात राबली, चार लेकरं वाढवली, गेली. मतदार यादीत तिचं स्वतःचं नाव होतं, तेवढा एक कागद सरकारदरबारी तिला ओळखत होता. चेहरा म्हणाल तर आता माझ्या आईच्या डोळ्यांत आहे, आणि आईनंतर कुठंच नसेल. लायडनच्या म्हातारीच्या सुरकुत्या चारशे वर्षांनी मी मोजू शकतो. माझ्या आजीच्या मोजू शकत नाही. हे दुःख मी कुणाच्या दयेसाठी सांगत नाही. जपण्याचा प्रश्न हा शौकिनांचा चोचला नाही, आपल्या अब्रूचा प्रश्न आहे, एवढं कळावं म्हणून सांगतो.

मग जपायचं कसं? आपणही कुलपं लावायची का? आपल्यातही आता 'पहिल्या अंकाची मूळ प्रत माझ्याकडेच आहे' असं छातीवर हात मारून सांगणारे निघालेत. बघायला मागितली तर देत नाहीत. चळवळीत कोण आधी आलं, बाबासाहेबांना कुणी डोळ्यांनी बघितलं, कुणाच्या आज्यानं चवदार तळ्यावर पाणी प्यालं, यावरनं पाट मांडणारे निघालेत. ज्यांचे आजे तिथं होते त्यांचा आदर आहेच. पण २० मार्च १९२७ला महाडला प्यायलेलं पाणी सगळ्यांसाठी प्यायलं होतं. त्याची कुळी काढायची म्हणजे त्या पाण्यावर पुन्हा पहारा बसवण्यासारखं आहे. शौकिनांनी कागदाचं जे केलं ते आपण माणसांचं करायला लागलो तर मनुस्मृती जाळून काय मिळवलं?

माझं म्हणणं असं. जपण्याच्या दोन रीती आहेत. एकीत दुसऱ्याला मिळू नये म्हणून जपतात. दुसरीत दुसऱ्याला मिळावं म्हणून जपतात. पहिलीला कुलूप लागतं, दुसरीला छापखाना. त्या डच लोकांनाही हे उशिरा का होईना उमजलं. ॲमस्टरडॅमच्या रेक्स म्युझियमनं २०१२ साली आपल्याकडच्या चित्रांचे चांगले फोटो लोकांना फुकट खुले करायला सुरुवात केली. घ्या, छापा, भिंतीवर लावा. त्यानं कुलपातल्या कागदाचं काही बिघडलं नाही. म्हातारी पुन्हा अनेकांच्या घरात जायला मोकळी झाली, जशी ती १६२८ साली निघाली होती.

म्हणून कार्यकर्त्या पोरापोरींना दोनचार कामं सांगतो. अंक निघाला की पाच प्रती बाजूला काढा आणि पाच वेगवेगळ्या घरांत ठेवा. एकाच पुढाऱ्याच्या कपाटात नको. फाटकी प्रत रद्दीत घालू नका. ती समोर ठेवून नवी स्टेन्सिल कापा. पुसट झाली म्हणून ती कनिष्ठ नाही, तिनं काम केलंय म्हणून ती पुसट झालीय. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांचे फोटो काढा. राबणाऱ्या हातांचे काढा, सुरकुत्या झाकू नका. आणि फोटोच्या मागं नाव लिहा. 'अमक्या कार्यकर्त्याची आई' एवढं लिहून भागवू नका. तिचं नाव, तिचं गाव, तिनं काय काम केलं ते, आणि साल. तिला विचारून लिहा. नाव सांगायला लाजली तर थांबा, चहा घ्या, पुन्हा विचारा.

तेवढं लायडनच्या त्या पोराकडनं राहून गेलं. चेहरा त्यानं असा कोरला की चारशे वर्षं पुसला नाही. आपलं नाव आणि साल कोपऱ्यात घातलं, तिचं नाव घालायचं सुचलं नाही. आपल्या कोपऱ्यात दोन्ही नावांना जागा आहे.

जयभीम.